बिस्मिल्ला छापलेलं पाकीट

तुआस, सिंगापूर

अब्बांना जुनैदचा सलाम.

मी खुशाल आहे. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून हे लिहून त्याचा फोटो धाकट्या रेश्माच्या मोबाइलवर पाठवतोय. अम्मीचा गुडघा कसा आहे?

इथून पलीकडे मलेशियात, जोहोरला बँकेच्या पैशावर घेतलेल्या फ्लॅटवरून माझं बँकेशी बिनसलंय. बँक इस्लामी, तेव्हा जमातीत तुम्ही भांडणाऱ्या दोघांना समोर बसवून निवाडा करायचात तसा तिथले मौलवी करतील, असं मी धरून चाललो होतो. काल मॅनेजर म्हणाला, "मौलवी फक्त करार तपासतात. वाद लवादाकडे जातो. करारात लिहिलंय, खाली तुमची सही आहे."

लवादाची नोटीस कायमच्या पत्त्यावर, म्हणजे आपल्या घरी गेली. लेखी उत्तराला नऊच दिवस उरलेत. नाहीतर माझं न ऐकताच निकाल लागेल.

वर बिस्मिल्ला पाहून तुम्ही ते पाकीट न फोडता कुराणाच्या फळीवर जपून ठेवलंत, हे रेश्माने आज सांगितलं. ते लगेच फोडा, तिला सगळ्या पानांचे फोटो पाठवायला सांगा. अम्मीसमोर नको.

तुमची चूक नाही, अब्बा. करारावरही बिस्मिल्लाच होतं. मी तेवढंच वाचून सही केली.

तुमचा,
जुनैद