सुपातले तारे

४ ऑगस्ट २००३, सोमवार, दुपारी
गुरुप्रसादच्या कारखान्याची डायरी नुसती पडून होती. लिहिते. दुसऱ्या कोणी वाचायची नाही.
ह्यांच्या काचबिंदूवर डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळा, थेंब चुकवू नका. उरलीय किती, विचारलं तर कानडीत म्हणाले, नोडोण. बघू म्हणे! बघायचेच तर वांधे आहेत.
ह्यांनी तीस वर्षं फिजिक्स शिकवलं. आता म्हणतात, डोळे जायच्या आत एक तारा शोधायचा. दुर्बीण नाही, काही नाही. पुतण्या गुरुप्रसाद गोकुळ रोडच्या ऑफिसात इंटरनेटवरून आकडे उतरवून घेतो, कडेला भोकं असलेल्या लांब कागदावर छापून आणतो. मी वाचायचं, ह्यांनी ऐकायचं. मी चौथी पास, पण आकड्यांत कच्ची नाही. दिवाळीच्या आत तारा. ठरलं.

६ ऑगस्ट
एक ओळ म्हणजे एक तारा. आधी त्याची आकाशातली जागा, मग दोन आकडे. पहिला डोळ्याला दिसणारा उजेड. दुसरा इन्फ्रारेड, म्हणजे धग. धग मोजणारी दुर्बीण सगळ्या आकाशावर फिरवलीय म्हणे. आकडा मोठा तर तारा मंद. असं उलटं का? तर म्हणाले, पूर्वीपासून तशी पद्धत आहे. म्हटलं, तुमच्या घरच्या सगळ्या पद्धतींसारखीच. हसले.
मोजणी नसेल तिथे नुसते ९९ छापतात. तेवढ्या ओळी खोडायला सांगितल्या.

९ ऑगस्ट
फार हळू. ओळ वाचली की हं म्हणतात, मग म्हणतात, पुन्हा वाच. अशाने दिवाळी नाही, शिमगा येईल. जेवून हे पडतात, तेवढ्यात मी पानं आधी साफ करून ठेवणार. तांदूळ न निवडता कोणी आधणात टाकतं का? तेहतीस वर्षांत ह्यांच्या दाताखाली एक खडा आलेला नाही.

१२ ऑगस्ट
बारा पानं साफ. ९९ वाल्या खोडल्या. छापणाऱ्यांच्या चुकाही काढल्या. बाराव्या पानावर एकाला उजेड १७ आणि धग ७! बाकी सगळ्यांत दोन-तीनचा फरक, इथे दहाचा. टाईप करणाऱ्याने सातामागे १ जास्तीचा मारला, दुसरं काय. शिकलेल्यांचं लक्ष नसतं. असा खोडला की कागद फाटला. ह्यांना सांगितलं नाही. उगाच डोक्याला ताप.

२५ ऑगस्ट
चाळीसच्या चाळीस पानं साफ झाली. शेजारच्या श्यामलाअक्का म्हणाल्या, काय हो, भर दुपारी चांदण्या मोजता? म्हटलं, रात्री भाकऱ्या कोण बडवणार, तुम्ही?
ह्यांनी गठ्ठा मांडीवर घेतला, बोटं फिरवली. म्हणाले, बरंच खोडलंयस गं. म्हटलं, ९९ फार होते.

१४ सप्टेंबर
वाचून वाचून घसा बसला. कंटाळून विचारलं, शोधतोय तरी कसला तारा? इतके दिवस नुसतं "वेगळा" म्हणत होते.
म्हणाले, अगदी मोजके आहेत असे. हा तारा स्वतःच काजळी सोडतो आणि तिच्यामागे लपतो. विझल्यासारखा दिसतो. महिन्यांनी पुन्हा उजळतो. मी म्हटलं, मग राखेतल्या निखाऱ्यासारखाच. दिसत नाही, हात धरला की धग लागते. हे उठूनच बसले. म्हणाले, अनू, तीस वर्षांत एकाही पोराने असं उत्तर दिलं नाही.
मग म्हणाले, म्हणजे उजेडाचा आकडा मोठा, धगीचा लहान. फरक भरपूर हवा.
मी चहा ठेवायला उठले.

१५ सप्टेंबर
तशा किती खोडल्या असतील? आठ-दहा. फार तर तीस. त्या चुकाच होत्या. मी बघितल्यात ना!
वाचून झालेली पानं स्वयंपाकघरात डब्यांखाली अंथरली. चिकट होत नाही फळी.

२४ ऑक्टोबर, दिवाळी
तारा नाही. दारात सात पणत्या लावल्या. हे म्हणाले, दोनच का गं लावल्यास? म्हटलं, तेल महागलंय.

६ डिसेंबर
गुरुप्रसाद आला. परदेशातल्या कोणाला तसला एक तारा सापडला, त्याची जागा छापून आणली. वाचून दाखवली तर हे म्हणाले, अगं, हा आपल्याच आकाशाच्या तुकड्यातला! बघ बरं, आपल्यात होता का.
डबे उतरवले. बारावं पान. जागा तीच, आकड्यान् आकडा. पुढे भोक.
म्हटलं, नाही. आपल्यात नव्हताच.
हे म्हणाले, मग ठीक. आपल्या हातून सुटला नाही म्हणायचा. आणि पानासाठी हात पुढे केला. दिलं. काय करणार? बोटं फिरत फिरत भोकापाशी आली, थांबली. गुरुप्रसाद डाव्या डोळ्याचं काय म्हणून विचारत होता. मग पान घडी करून मला दिलं. म्हणाले, चहा कर. साखर थोडी जास्त घाल.
ओरडले असते तर मीही ओरडले असते.

१९ जानेवारी २००४
उजवा आधीच गेला होता, आता डावाही. थेंब घालतेच. हे पानांचं नाव काढत नाहीत. काल एवढंच म्हणाले, अनू, त्या दुपारी छान गेल्या.
आज हे झोपल्यावर गुरुप्रसादला फोन केला. म्हटलं, सगळी पानं परत छापून आण, पहिल्यापासून. म्हणाला, काकू, आता काकांना काय उपयोग? म्हटलं, कान आहेत ना त्यांचे.
म्हणाला, पण पहिली कुठे गेली?
म्हटलं, मी खराब केली.