सोमवारची फळी

अहो,

मी आणि माझा भाऊ ईरण्णा बांधावर गेलोय. तो पहाटेच ढोकीहून ट्रॅक्टर घेऊन आला. तुम्हाला उठवलं नाही. उठवलं असतं, तर "थोरला भाऊ हाय, जाऊ दे" म्हणाला असतात.

थोरल्या भाऊजींनी ज्या लोखंडी फळीनं आपला बांध सरकवला आणि वाकल्यावर आपल्याच उकिरड्यावर टाकली, तीच फळी ट्रॅक्टरपुढं लावलीय. रोज लिंगपूजा झाली की मी तिचा गंज विटकरीनं घासायची. जाऊबाई हसायच्या, "लोखंडालाबी अभिषेक का गं, पार्वतम्मा?" मी खाली मान घालून "व्हय, अक्का" म्हणायची. ईरण्णानं ती तापवून सरळ केली, ट्रॅक्टरला अडकवायचा तुटलेला कान जोडून आणला.

आज सोमवार. नंदीचा वार म्हणून कुणी बैल जुंपत नाही, शिवार मोकळं असतं. हाच वार साधून भाऊजींनी आपली विहीर त्यांच्या हद्दीत घेतली. तुम्ही हात जोडून गेलात, तर म्हणाले, "सोमवार बैलाला असतो, लोखंडाला न्हाय." तेव्हापासून या दुष्काळात पूजेचं पाणीसुद्धा मी त्यांच्या दारात मागून आणते.

भाकरी झाकून ठेवल्यात. मला उपास आहे, वाट बघू नका. म्हशीला कडबा टाका. बांधाकडं मात्र येऊ नका.

दुपारी भाऊजी ओरडत येतील. त्यांना घोंगडीवर बसवा आणि त्यांचंच वाक्य ऐकवा. ओरडून घसा कोरडा पडला, तर आपल्या विहिरीचं पाणी तांब्या भरून द्या. पण आधी मागू द्या.

पार्वती