बोंडअळीचं लॅटिन

दारव्हा, नोव्हेंबर २०१७

तीर्थस्वरूप कुंदाताईस,

श्रीकृष्णाचा दंडवत. तुझे गुडघे काय म्हणतात? माझे बरे आहेत, डोकं तेवढं तापलंय. वाचून झाल्यावर "माफी माग" म्हणणार असशील तर इथेच थांब. मागणार नाही.

यंदा गुलाबी बोंडअळीने सगळ्यांचाच कापूस खाल्ला, म्हणून एका कृषी अधिकाऱ्याने जवळच्या बंजारा तांड्यावर सभा घेतली आणि प्राणिशास्त्राचा निवृत्त मास्तर म्हणून मला दहा मिनिटं बोलायला नेलं. (दहा मिनिटांत माझी हजेरीसुद्धा कधी घेऊन झाली नाही.) मी मुळापासून सुरुवात केली. इंग्रजीत अळीला लार्व्हा म्हणतात. शब्द लॅटिन, अर्थ भूत आणि मुखवटासुद्धा. खरा पतंग आत दडलेला आणि अळी हा त्याचा मुखवटा, म्हणून जुन्या शास्त्रज्ञांनी हे नाव ठेवलं. लोक कान देऊन ऐकत होते. पाऊण तासाने अधिकारी उठला (त्याचं वय माझ्या नोकरीपेक्षा कमी), माझ्या हातातला माइक ओढला आणि म्हणाला, भूतबीत काही नाही, लार्व्हा म्हणजे नुसती अळी. भर सभेत! मी म्हटलं, सिद्ध करून दाखवतो.

आता या तांड्याची रीत अशी, की चारचौघांत निघालेला वाद नायकाने, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाने, मिटवायचा. नायक उत्तमसिंग यांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, मंगळवारी पुरावा आणा, खोटा ठरेल त्याने तांडाभर गूळ वाटायचा. तेवढ्यात धनीबाई नावाची म्हातारी म्हणाली, "मास्तर, मुखवटा समजला. पण तिले धराचं कवा, थे सांगा ना." ते सांगायचं राहूनच गेलं. मी रागात होतो.

तुझा धाकटा,
श्रीकृष्ण

ता. क. तुझ्या जावयाला, सलीलला, नागपूरच्या ग्रंथालयातून लॅटिन कोशातलं ते पान झेरॉक्स करून पाठवायला सांग. माझ्याकडे पुरावा नाही. कॉलेजात एका सरांनी सांगितलं होतं. (तेच सर वटवाघूळ अंडी घालतं असंही सांगायचे.)

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवतच होतो, तर उत्तमसिंग दारात. धनीबाईने काल कापसाची उभी पऱ्हाटी उपटून शेतात शेळ्या सोडल्या. ते म्हणाले, "मास्तर, अळी खाऊन गेली, अन् तुम्ही दोघं तिच्या नावासाठी भांडून राह्यले. गूळ दोघंबी आणा." गूळ घेऊन आधी धनीबाईकडे जाईन, पुढच्या वर्षी पतंगाचे सापळे कधी लावायचे ते सांगीन आणि चुकलो म्हणेन. तिला. त्या अधिकाऱ्याला नाही. पान पाठवच.