धुतलेला गेरू

बाबा, तुम्ही खापऱ्यांवर केलेल्या गेरूच्या खुणा मी धुऊन टाकल्या, त्यावर आपण पुढे कधीच बोललो नाही. तुम्ही रागावला नव्हता, हे मला माहीत आहे. रागावला असता तर बरं झालं असतं. तुमचा राग मला झेलता यायचा, मी तुमचीच लेक. पण तुम्ही त्या दिवशी हात झटकून उठलात, बाभळीखाली जाऊन भाकरीचं फडकं सोडलंत आणि आंबाडीच्या भाजीत मीठ कमी आहे, एवढंच बोललात. त्याला आता किती वर्षं झाली हे मोजायचं ठरवलं तर मोजता येईल. मोजण्यात माझा हात कुणी धरत नाही, एवढा एक गुण पदरात आहे.

आधी लिहिलं नाही त्याचं कारण तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हाला वाचता येत नव्हतं. नागपूरहून मी पाठवलेलं कार्ड गुरुजी ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायचे आणि अर्धी गल्ली ऐकायची. म्हणून माझ्या कार्डांत कायम तब्येत बरी आहे, थंडी पडली आहे, मायचे गुडघे कसे आहेत, एवढंच असायचं. माफीचं कार्ड गुरुजींच्या तोंडून ऐकायला लावणं मला जमलं नसतं. आता तुम्ही नाही, गुरुजी नाहीत, ओटाही नाही. तेव्हा लिहायला हरकत नाही.

आपला जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच वर्षी मी नागपूरला कॉलेजात गेले. कुंभाराची पोरगी गणित शिकायला चालली म्हणून लोक दारापर्यंत पाहायला आले होते. तुम्ही तेव्हा चाकावर बसला होता आणि चाक थांबवलं नाही. चाकाला आपल्यात बाईनं हात लावायचा नाही, हा नियम मला लहानपणापासून डाचायचा. माती तुडवायची आम्ही, लीद चाळून मिसळायची आम्ही, ओलं मडकं थापीनं थोपटून मोठं करायचं मायनं, आणि चाक मात्र तुमचं. पण माती पारखायला तुम्हीच मला शिकवलंत. नदीच्या गाळाचा वाळलेला खडा जिभेला लावायचा, किती चिकटतो पाहायचं, मग दाताखाली धरून रेती ऐकायची. मी सात-आठ वर्षांची असताना डोळे मिटून सांगायची, हा बेंबळेच्या काठचा, हा टेकडीमागचा. तुम्ही मायला हाक मारून म्हणायचात, "पाह्य वं, पोरीची जीभ माह्यावर गेली." माय म्हणायची, ते तं दिसूनच राह्यलं, दिवसभर चालू असते.

घरात पाण्याचा माठ मात्र आपल्या हातचा नव्हता. तो मायनं लग्नात घाटंजीकडून आणलेला, तिच्या बापाच्या आव्यात भाजलेला. कुंभाराच्या घरात दुसऱ्या कुंभाराचा माठ, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला नवल वाटायचं. पण आपल्यात रीतच तशी. लेक सासरी निघाली की माहेरच्या आव्यातलं एक भांडं तिच्यासोबत जातं, आणि ते फुटेपर्यंत सासरच्यानं त्यातलंच पाणी प्यायचं. तुम्ही वीस वर्षं त्या माठाचं पाणी प्यालात. घाटंजीची माती तुमच्या जिभेला जेवढी ओळखीची होती, तेवढी तिथल्या कुंभारांनाही नसेल.

महाराष्ट्र झाला त्या वर्षीच्या हिवाळ्यात बेंबळेच्या काठावरचं पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड खणायला सर आले. ते पुराणवस्तूंचे अभ्यासक आणि मी त्यांची आकडेमोड करणारी, नुकती पदवी घेतलेली. हजारो वर्षांपूर्वीच्या काळ्या-तांबड्या भांड्यांच्या खापऱ्या तिथं ढिगानं निघत होत्या. तशाच खापऱ्या त्यांना आधी घाटंजीकडच्या आणि पुसदकडच्या टेकाडांवर सापडल्या होत्या. सरांचं म्हणणं असं की ही भांडी सगळी बेंबळेकाठी घडली आणि बैलांवर लादून इतरत्र गेली. ते खरं की खोटं हे ठरवायला प्रत्येक ठिकाणच्या खापऱ्यांचा थोडा थोडा चुरा प्रयोगशाळेत जाणार होता. तिथून ॲल्युमिना, लोह, चुना, मॅग्नेशिया आणि सोडा, असे पाच आकडे एकेका खापरीचे येणार होते. त्या आकड्यांचा न्याय मी करायचा होता. तुटकी भांडी जुळवायला हातखंडा असलेला माणूस हवा होता, म्हणून मीच सरांना तुमचं नाव सुचवलं. बाप-लेक एका कामावर, याचा मला अभिमानच होता. तो दहा दिवस टिकला.

अकराव्या दिवशी सकाळी मी टेकाडावर येते तर तुम्ही चटईवर बसलेले, बेंबळेच्या खापऱ्या पुढे मांडलेल्या आणि त्यातल्या काहींच्या पाठीवर गेरूचं बोट ओढलेलं. चार घरांची मडकी एकाच आव्यात भाजायची तर ज्याची त्याला ओळखू यावीत म्हणून प्रत्येक घर आपली खूण करतं, आपली गेरूची. तुमचा हात सवयीनं गेरूकडेच गेला. सर गमतीनं म्हणाले, "काय बाबा, ही कसली रंगपंचमी?" तुम्ही गंभीरपणे म्हणालात, "साहेब, गेरू लावला ते खापऱ्या इथच्या नाईत. हे माती घाटंजीकडची हाय. बाकीच्या इथच्याच." सर हसले. मग इथं कशा आल्या, बैलावरून? तुम्ही मान हलवली. "बंजारी तांड्याच्या नाईकाले पुसा. बैलावर मीठ जाते, धान्य जाते, गाडगं नाई जात. दहा कोसात निम्मे फुटते. हे लेकीसंग आले असन. लेक येते तं एखादं भांडं संग येतेच." मग तुम्ही एक खापरी माझ्यापुढे धरली. कडेचा तुकडा होता, आतून अंगठा दाबल्याचा खळगा असलेला. "माय, तू बी लाव जिभेले. तुले तं येते."

सरांचे दोन विद्यार्थी उभे होते. हजारो वर्षं जमिनीत पडलेलं खापर चाटायचं, या विचारानं त्यातल्या एकानं तोंड वाकडं केलेलं मी पाहिलं. आणि मी म्हणाले, "बाबा, हे अंदाजाचं काम नाही. इथं मोजावं लागतं." तुम्ही म्हणालात, "मोज नं माय. मी कुठं नाई म्हणून राह्यलो?" मला खरा राग आला तो नंतर, गेरूकडे पुन्हा पाहून. गेरू म्हणजे लोहच. तो चुऱ्यात गेला असता तर लोहाचा आकडा खोटा आला असता. हे मी बरोबर सांगितलं, आजही सांगेन. पण सांगण्याची एक रीत असते. मी सगळ्यांसमोर घमेल्यात पाणी घेतलं, कुंचा घेतला आणि तुमच्यासमोर बसून एकेक खापरी घासली. पाणी तांबडं झालं तसं ते ओतून दुसरं घेतलं. तुम्ही बघत होता. शेवटी विचारलंत, "कायले धुतल्या?" मी कारण सांगितलं. तुम्ही म्हणालात, "तं मले सांगतलं असतं. कोयशानं केल्या असत्या खुणा. आता करून देऊ काय?"

कोळशालाही मी नको म्हणाले. तो एक शब्द मी बोलले, बाबा, आणि खापऱ्या एकाच टोपलीत भरल्या.

आकडे आले. तेव्हा मला येत होतं ते गणित मी केलं, म्हणजे एका वेळी एकच घटक घेऊन तिन्ही गावं ताडून पाहिली. आधी लोह, मग चुना, मग बाकीचे. प्रत्येक वेळी उत्तर तेच की गावागावात म्हणण्यासारखा फरक नाही. सर खूश झाले आणि तसा निबंध छापूनही आला. मी सुट्टीत घरी आले तेव्हा तो तुमच्यापुढे ठेवला आणि म्हणाले, सगळी माती एकच निघाली. तुम्ही छापील कागदावरून बोट फिरवलंत, शाई चांगली आहे म्हणालात. त्यानंतर माझ्यासमोर तुम्ही कधी माती जिभेला लावली नाही. मी आले की चाळणी घेऊन बसायचात. मायनं एकदा विचारलं, काहून वं, यायनं चाखनं सोडलं काय? चीनच्या लढाईच्या वर्षी दिवाळीनंतर तुम्ही गेलात.

पुढे दीड-दोन वर्षांनी मला ते दुसरं गणित भेटलं. बहुचल प्रचरण विश्लेषण. नाव ऐकूनच तुम्ही जांभई दिली असती. त्यात पाचही आकडे एकदम घ्यायचे. नुसतं कोणतं किती हे नाही, तर एक वाढलं की दुसरं कसं वागतं तेही धरायचं, आणि मग एकाच गावच्या खापऱ्यांमधली तफावत मोठी की गावागावांतली मोठी ते पाहायचं. दोन घरांतली माणसं उंचीनं मोजली तर सारखी, वजनानं मोजली तरी सारखी. पण एका घरातली थोडी उंच आणि तरी थोडी हलकी असली, तर दारात उभी राहिल्याबरोबर आपण म्हणतोच ना, ही त्या घरची? तसं हे. हातानं फिरवायचं यंत्र होतं ऑफिसात, त्याचा दांडा फिरवून फिरवून माझा खांदा धरला. तीन आठवडे लागले. उत्तर असं आलं की तीन गावांची माती तीन तऱ्हेची आहे, शंकेला जागा नाही. जिथं लोह वाढलं की चुनाही वाढतो अशी सगळीकडची चाल, तिथं घाटंजीच्या खापऱ्यांत लोह जरासं जास्त आणि चुना जरासा कमी होता. एकेकटं पाहिलं तर दोन्ही फरक किरकोळ. एकत्र पाहिलं की लपत नव्हते. तुम्ही काही लोह वेगळं आणि चुना वेगळा चाखत नव्हता. जिभेला सगळं एकदमच लागतं.

आणि बेंबळेच्या टोपलीतल्या सात खापऱ्या बेंबळेच्या नव्हत्याच. त्यांचे आकडे घाटंजीत जाऊन बसत होते. त्या सात आत राहिल्यामुळे बेंबळेच्या खापऱ्यांची आपसातली तफावत उगाच फुगली होती आणि तिनंच पहिल्या वेळी गावागावांतला फरक झाकला होता. त्या आधीच बाजूला काढल्या असत्या, तर माझ्या साध्या गणितातही कदाचित काहीतरी दिसलं असतं. कुणीतरी त्या बाजूला काढल्या होत्या, बाबा. मी परत मिसळल्या.

सर मोठ्या मनाचे. मी आकडे पुढे ठेवले तेव्हा त्यांनी दोनदा पाहिले आणि म्हणाले, आपण चुकलो, तसं छापू. छापलं. त्या सात खापऱ्यांबद्दल काय लिहायचं, असं त्यांनी मला विचारलं. ते तुमची गोष्ट विसरले होते आणि मी आठवण करून दिली नाही. काय सांगणार होते? एका कुंभारानं या आधीच ओळखल्या होत्या, असं म्हटलं असतं तर कुणीही विचारलं असतं की त्याच सात कशावरून? तुम्ही किती खापऱ्यांवर गेरू ओढला होता? सात, की नऊ, की पंधरा? मी एकेक हातात घेऊन घासली, बाबा, आणि मोजली नाही. जन्मभर मोजण्याचा पगार घेतला आणि तेवढं एक मोजलं नाही. तुम्ही बरोबर होता की नव्हता याचा पुरावा फक्त त्या तांबड्या पाण्यात होता आणि ते मी माझ्या हातानं बाभळीच्या बुडाशी ओतलं. तुम्ही बरोबर होता असं मला वाटतं. पण वाटणं म्हणजे अंदाज, आणि अंदाजाबद्दल मी तुम्हाला काय सुनावलं होतं ते तुम्हाला आठवत असेलच.

एक मात्र पक्कं आठवतं. अंगठ्याच्या खळग्याची ती कडेची खापरी, जी तुम्ही माझ्यापुढे धरली होती, तिच्यावर गेरू होता. ती त्या सातांपैकी आहे. एका खापरीवर गणित होत नाही, हे मी विद्यार्थ्यांना घसा कोरडा होईपर्यंत शिकवलं आहे. सर निवृत्त होताना उरलेला माल फेकून देणार होते, तेव्हा ती मी मागून घेतली. निम्मी चुऱ्यात गेली, निम्मी माझ्या कपाटात डब्यात आहे. खळगा शाबूत आहे. माझा अंगठा त्यात बसतो, म्हणजे बाईचाच असावा, असं मी एकदा मायला म्हणाले होते. माय म्हणाली, थोपटणारी बाईच असते, त्यात नवल ते काय.

हा कागद त्याच डब्यात ठेवून देईन. आज सकाळी चूळ भरून, दार लावून, ती खापरी जिभेला लावली. तुम्ही म्हणाला होता, तुले तं येते. म्हटलं, आता कुणी तोंड वाकडं करायला नाही. जिभेला चिकटली ती. बराच वेळ धरली, डोळेही मिटले. बेंबळेची की घाटंजीची, मला काही कळलं नाही, बाबा.