पाहुणा म्हणून दिलेला जबाब मागे घेऊन पूर्ण कर भरण्याबाबत

प्रति,
मा. उप प्रादेशिक परिवहन अधिकारी,
परभणी.

विषय : माझ्या गाडीच्या प्रकरणी माझा जबाब खोटा व माझ्या आईचा जबाब खरा धरून संपूर्ण कर दंडासह वसूल करून घेण्याबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाची कारणे दाखवा नोटीस, तसेच पूर्णा रस्त्यावरील फाट्यावर घेतलेले दोन जबाब.

महोदय,

खाली सही करणारा अर्जदार मान खाली घालून विनंती अर्ज सादर करतो, तो येणेप्रमाणे :

१. मी ताडकळस येथे वडिलांपासून चालत आलेला आडतीचा व्यापार करतो. गावात कुणाचेही लग्न असो, नवरदेव परण्याला, म्हणजे लग्न लागण्याआधी वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला जातो तेव्हा, आमच्या घरच्या गाडीत बसतो. वडिलांनी आधी बैलांची दमणी जुंपून दिली, मग जीप दिली. भाडे घ्यायचे नाही, डिझेल आपले, आणि गाडी घरच्याच माणसाने चालवायची, असा रिवाज आहे. पुढे जीप थकली. बाजाराच्या दिवशी एक जण सहज म्हणाला, "अप्पा, आता परण्याला आमची गाडी नेत जाऊ, तुमची जीप लय धूर सोडती." तो चांगल्या मनाने बोलला असेल, मला मात्र ते झोंबले. त्याच ईर्ष्येने मी परदेशी कंपनीची आलिशान गाडी घ्यायला निघालो.

२. शोरूममध्ये गाडीची किंमत ऐकून मी खुर्चीतच होतो. कर ऐकून उठून उभा राहिलो. आधी केंद्राचा कर, तो धरून जी किंमत होईल तिच्यावर राज्याचा एकरकमी कर. आपल्या देशात अशी गाडी घेणे म्हणजे लेकीच्या लग्नात जावयाबरोबर त्याच्या सगळ्या भावांनाही अंगठ्या घालणे आहे, असे मी तिथे बोललो आणि सगळे हसले. हसणाऱ्यांत एक दलाल होता. त्याने मला बाजूला घेऊन पुद्दुचेरीचा रस्ता दाखवला. तिथला कर कमी. त्याने तिथल्या एका खोलीचा भाडेकरार केला, माझ्या आधारवरचा पत्ता बदलला आणि गाडीला तिकडचा क्रमांक मिळवून दिला. महोदय, मी समुद्र अजून पाहिलेला नाही. कागदावर मात्र मी समुद्राकाठी भाड्याने राहतो आणि माझ्या घरमालकाचे नाव मला धड उच्चारता येत नाही. रस्ते परभणी जिल्ह्याचे झिजवायचे आणि कर तिकडे भरायचा, यात मला त्या वेळी मोठी अक्कल वाटली होती. कुणी अडवलेच तर म्हणायचे एक वाक्यही दलालाने माझ्याकडून पाठ करून घेतले होते.

३. गावातील चहाचे हॉटेलवाले सिताराम यांचा मुलगा बालाजी याचे लग्न पूर्णेकडच्या एका गावी होते. नवी गाडी पहिल्यांदाच परण्याला निघाली होती. मी चालवत होतो, शेजारी माझी आई बसम्मा, मागे बाशिंग बांधलेला नवरदेव व करवली, आणि पाठीमागे वऱ्हाडाचा टेम्पो. फाट्यावर आपल्या पथकाने गाडी थांबवली. पथकाने आपले काम केले, त्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. साहेबांनी विचारले, आपण राहता कुठे? मी पाठ केलेले वाक्य म्हटले : "मी पुद्दुचेरीला राहतो. इकडे पाहुणा म्हणून आलो आहे."

४. वऱ्हाडाला यातले काहीच माहीत नव्हते. अप्पांना कुणीतरी तरास द्यायलंय, एवढेच त्यांना दिसले. सगळे टेम्पोतून उतरले आणि माझी बाजू मांडू लागले. "सायब, अप्पा आमच्याच गावचे हायत." "जल्मल्यापून गावातच हायत." "लेकीच्या गावाला गेले तरी दिवस मावळायच्या आत घरी येतेत, दुसरीकडं त्यायला झोप येत न्हाई." जो तो एकेक पुरावा काढून साहेबांपुढे ठेवत होता. माझ्यावर इतके प्रेम आहे हे मला त्या दिवशी कळले, आणि त्या प्रेमाने मी पुरता अडकलो. मी डोळ्यांनी खुणावत होतो. त्यांना वाटले, मला चक्कर येते आहे. एकाने पाणी आणले.

५. शेवटी आई उतरली. तिने गळ्यातल्या चांदीच्या डबीतून इष्टलिंग काढले, तळहातावर घेतले आणि म्हणाली, "सायब, ह्या लिंगाची आण. माजं लेकरू ताडकळस सोडून कुठंच ऱ्हात न्हाई. तुमी उगं त्येला ताटकळत ठिवू नका." आमच्या घरात लिंगाची आण कोणी घेत नाही. वडिलांच्या वाटणीच्या भांडणातही ती घेतली गेली नव्हती. साहेबांनी मला अदबीने विचारले, आजी म्हणतात ते खरे आहे का? महोदय, तेव्हा "होय" एवढाच शब्द पुरला असता. मी म्हणालो, "म्हातारी आहे ती. तिला आता काही कळत नाही."

६. आईने लिंग परत डबीत ठेवले आणि टेम्पोत जाऊन बसली. गाडी पथकाने ताब्यात घेतली. नवरदेवाला कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसवले. पथकासमोरून विनाहेल्मेट जायची कुणाची छाती होईना, म्हणून बाशिंग सोडून त्याला हेल्मेट घातले. मुहूर्त टळला.

७. तेव्हापासून मी माझ्या गावात पाहुणा आहे. पारावर गेलो की माणसे उठून जागा देतात, "या पावणे, कवा आले? मुक्काम हाय का?" म्हणून विचारतात. पुढच्या लग्नाला मी जुनी जीप धुऊन पुसून देऊ केली, तर "पावण्यायला कशाला तरास" म्हणून त्यांनी दुसऱ्याची गाडी नेली. आधारवर ताडकळसचा पत्ता परत घालण्यासाठी रहिवासाचे पत्र मागितले, तर सरपंच सूर्यभान हसत हसत म्हणाले, "अप्पा, सरकारी सायबासमोर तुमीच नाही म्हणलाव. आता आमी खोटी सही कशी करावी?" हे सर्व मी गिळले असते. पण आईसुद्धा मला पाहुण्यासारखेच वागवते. ती रागावत नाही, टाकून बोलत नाही. दुकानातून आलो की गूळ-पाणी पुढे करते. माझे ताट स्वयंपाकघरात न मांडता बैठकीत आणून देते आणि "संकोच करू नका" म्हणते. माझे वय साठीकडे झुकले आहे, पण मी आजवर तिच्या चुलीपुढे बसून जेवत आलो. बैठकीत मला घास जात नाही.

८. आपली नोटीस आली ती माझी धाकटी मुलगी शिवरंजनी हिने घरात मोठ्याने वाचली. त्यात "मालकाच्या सांगण्यानुसार मातोश्रींचे म्हणणे विश्वासार्ह नाही" असे वाक्य आहे. आईने ते दोनदा वाचायला लावले. नंतर एवढेच म्हणाली, "म्हंजे सरकारदरबारी माजी आण खोटी." त्या दिवशी तिने लिंगपूजा केली, पण प्रसाद घेतला नाही.

९. दलालाचा परवा फोन आला होता. पुद्दुचेरीचे लाइट बिल तो देणार, आणि आईला विसरभोळेपणाचा आजार आहे असा डॉक्टरचा दाखला मी मिळवायचा. एवढे जोडले की प्रकरण मिटेल, असे तो म्हणाला. हे सांगायला मला लाज वाटते, पण फोन ठेवल्यावर काही वेळ मी कोणत्या डॉक्टरकडे जावे याचा विचार करत बसलो होतो. तेवढ्यात आई आतून आली आणि "पावणे, चहा घेता का?" म्हणाली. मी उठून हा अर्ज लिहायला घेतला.

तरी विनंती की, माझ्याकडून इथला कर पूर्ण घ्यावा, दंडही घ्यावा, त्यात कसलीही सूट देऊ नये. गाडी आपल्याकडे कितीही दिवस राहिली तरी चालेल. फक्त माझा जबाब रद्द करून आईचा जबाब खरा असल्याची नोंद घ्यावी व तसे दोन ओळींचे पत्र तिच्या नावे, माझ्या नावे नव्हे, टपालाने पाठवावे. शिवरंजनी ते तिला वाचून दाखवील.

हा अर्ज मी आईला वाचून दाखवला. ती ऐकून घेऊन म्हणाली, "बालाजीचं नाव घाल त्यात. लेकराचा मुहूर्त चुकवलास." म्हणून नाव वर घातले आहे. ताट अजून बैठकीतच येते.

सोबत : पुद्दुचेरीचा खोटा भाडेकरार (मूळ प्रत), गाडीची कागदपत्रे, आपल्या नोटिशीची प्रत. रहिवासाचा पुरावा जोडता आला नाही, क्षमस्व.

दिनांक : १८ फेब्रुवारी २०२६

आपला नम्र व शरमिंदा,
(सही)
बसप्पा महालिंगप्पा कोरे
राहणार ताडकळस, ता. पूर्णा, जि. परभणी
(आईच्या जबाबाप्रमाणे)