राखेत गेलेली मिरवणूक

आणि पातं विणायला शिकवलंस कोणाला, तर तिला, वहिनीला. लग्न होऊन घरात आल्याला तिला अजून तीन महिनेसुद्धा झाले नव्हते. मी सव्वीस वर्षं तुझ्याच घरात, आय, तुझ्या पोटची, आणि मला शिकवलंस किती, तर एक दुपार. नारळाचं कोवळं पातं हातात दिलंस, ते माझ्याकडून उभं चिरलं, तर हिसकावूनच घेतलंस. "राहू दे बाय, तुझे हात खुरप्याचे. पातं रडतं तुझ्या हातात." झालं माझं शिक्षण. शाळेत निदान चौथीपर्यंत तरी बसवलं होतंत. आणि त्या ईस्टरला बाजारातून तिला साडी आणलीस आणि मला काय, नवं खुरपं. चांगलं पोलादाचं होतं, अजून वापरते, त्याला नावं ठेवणार नाही. पण खुरपं ही काय सणाला द्यायची वस्तू झाली का?

हे सगळं मी एवढ्या वर्षांनी उकरून काढलं नसतं. तू जाऊन बारा वर्षं झाली, तुझ्या मागे सगळं नीट चाललं होतं. पण रविवारी देवळातला मिस्सा झाला आणि दुपारी दादाची पोरगी माझ्याकडे आली. तेरा वर्षांची झाली, तू गेलीस तेव्हा दुडदुडत होती. एकटीच रिक्षा करून माणिकपूरला आली, मी विचारलं आईला सांगून आलीस का, तर ते ऐकलंच नाही. ओट्यावर बसली आणि म्हणाली, "आत्या, एक विचारू? खरं सांगशील?"

म्हटलं, "मी खोटं कधी बोलते?"

"आजीने विणलेली ती झावळ्यांची मिरवणूक माझ्या आईने जाळली का?"

झालं होतं असं. नवीन फादर आलेत, त्यांनी मिस्साच्या शेवटी विचारलं की झावळ्यांच्या रविवारच्या आधी पोरांना पातं विणायला शिकवणारं गावात कोण आहे. ह्या पोरीने हात वर करून सांगितलं, माझ्या आईला येतं, तिला आजीने शिकवलंय. तर मागच्या बाकावरून एक बाई म्हणाली, "जिने सासूचं जाळलं ती पोरांना काय शिकवणार, काडी ओढायला?" बायका हसल्या. पोरगी मला सांगते, "आई पण हसली, आत्या. तीच जास्त हसली. मग घरी येऊन चुलीपुढे बसली ती बसलीच, भात खाली लागला तरी उठली नाही."

मी काय केलं माहीत आहे? म्हटलं, लोकांना कामधंदा नाही, तू कोकम सरबत घे. सरबत पाजून तुझ्या नातीला परत पाठवली. रिक्षाचे पैसे दिले वर.

वहिनी घरात आली त्या वर्षीचा ईस्टरआधीचा उपवासकाळ मला तासातासाने आठवतो. बाबा जाऊन दोन वर्षं झालेली, दादाला सातिवलीला एका गाळ्यात खोके बनवायचं काम लागलेलं, आणि वाडी सगळी माझ्या अंगावर. मोगऱ्याचे दिवस. पहाटे कळ्या खुडायच्या, मग भाजीला पाणी, मग केळीची पानं कापून बाजारात. मी घामाने निथळत परत येते तर तू स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसलेली, मांडीवर ओलं फडकं, फडक्यात नारळाच्या कोंबातली पिवळी कोवळी पाती. अंगठ्याच्या नखाने मधल्या शिरेचा हीर काढून टाकतेस, पातं चिरतेस, दुमडतेस. हात पात्यात आणि तोंड रोजरीच्या जपात. मध्येच काही अडलं की नमो मरिया अर्धी सोडून देतेस आणि जीभ बाहेर काढून बघत बसतेस. मग पुढे कुठून धरायची ते तुला आठवत नाही, आणि तुझ्या समोर बसलेली वहिनी हळूच सांगते, "आय, सातवी झाली." तिचं बोट पण तुझ्यासारखंच चालायचं. मला दिसत होतं ते. मी आंधळी नव्हते.

दर वर्षी तू कबुतरं करायचीस, गुलाब, क्रूस. त्या वर्षी काय अंगात आलं कोण जाणे, अख्खी मिरवणूक घेतलीस. गाढवावर येशू, आणि त्याच्या मागे यरुशलेमची माणसं नाहीत, आपली. बोटाएवढी एकेक. टोपलीवाली, पंप दुरुस्त करणारा, बाबा विडी ओढताना, देवळासमोर पाव विकणारा. तोंड म्हणजे काय, पात्याची एक उभी घडी, नाकासारखी, पण एवढ्या घडीत माणूस ओळखू यायचा. दादा कामावरून आला की रोज मिरवणूक मांडलेल्या सुपात डोकावायचा. "आय, मला जरा जाडा कर. गाळ्यात सगळे सुकड्या म्हणतात."

"पात्याचा माणूस किती जाडा होणार? भात जास्त खा."

वहिनी तोंडावर पदर धरून हसायची. एकदा मी पण विचारलं. हातपाय धुवून, मुद्दाम सहज विचारल्यासारखं. "मी आहे का ह्यात?"

"ती काय, विहिरीपाशी."

वाकलेली एक बाई होती. तिला घडी नव्हती. "तोंड कुठे आहे माझं?"

"पाठ आहे ती."

"गावातल्या पाववाल्याला तोंड आणि मला पाठ?"

"तुझं तोंड बघायला मिळतं कुठे मला? सकाळी बघावं तर वाकलेली, दुपारी बघावं तर वाकलेली. तुझी पाठ मी डोळे मिटून करेन."

दादा खदखदून हसला. वहिनी पण हसली. आणि वहिनीची बाहुली कुठे होती, तर अगदी गाढवाच्या बाजूला, हातात झावळी घेऊन, तोंड वर. मी पाणी प्यायले आणि परत वाडीत गेले. तू ज्या दुपारी बसून विणत होतीस ना, त्या सगळ्या दुपारी मी वाकत होते म्हणून तुला मिळत होत्या. हे तुला कधी कोणी सांगितलं नाही, मी आज सांगते.

झावळ्यांच्या रविवारी सूप डोक्यावर घेऊन तू देवळात गेलीस. जुन्या फादरांनी फडकं उचललं, बराच वेळ बघत राहिले, पवित्र पाणी शिंपडलं आणि म्हणाले, "आता हे घरी घेऊन जा. इथे ठेवलं तर माझा उपदेश कोणी ऐकणार नाही." मग ईस्टर झाला, मे महिना आला, क्रूसाजवळ संध्याकाळची रोजरी झाली की बायका आपल्या ओट्यावर यायच्या मिरवणूक बघायला. मावशी आली होती, आठवतं? तिला बाकी एकेक माणूस तू बोट ठेवून सांगत होतीस, हा कोण, ती कोण. विहिरीपाशी तुझं बोट आलं आणि मावशीच म्हणाली, "ही तर तुझी पोर. हिला काय सांगायचं." तेव्हा मला वाटलं, बघा, पाठीवरूनसुद्धा हसतात मला. ती काय म्हणत होती ते समजायला मला चाळिशी यावी लागली. सगळ्यांत जास्त बघितलेलं माणूस तेवढंच होतं त्या सुपात.

पण तेव्हा नाही समजलं. वर्षभर ते सूप कपाटावर, पातं सुकून तांब्याच्या रंगाचं झालेलं, वर तुझा जुना पदर झाकलेला. परत फेब्रुवारी आला. तू आणि वहिनी नवीन काय करायचं ते ठरवत बसला होतात. मी आत आले तर म्हणालीस, "तू वाडीवर जा, इथे आमचं काम आहे." आमचं. एवढाच शब्द. तू दुसऱ्या दिवशी मावशीच्या घरी गेलीस तिचं दुखणं बघायला, दोन दिवसांसाठी.

देवळाच्या दारात खोका ठेवला होता. मागच्या वर्षीच्या आशीर्वाद दिलेल्या झावळ्या आणून टाकायच्या, त्या जाळून राखेच्या बुधवारची राख करतात. आशीर्वाद दिलेलं पातं उकिरड्यावर टाकता येत नाही, हे लहान पोराला पण माहीत असतं. मी वहिनीला म्हटलं, "त्या सुपातलं सगळं देवळात टाकून ये."

ती म्हणाली, "मिरवणूक पण?"

"मिरवणूक पण. किती दिवस ठेवणार, कीड लागली. आयनेच सांगून ठेवलंय."

तू सांगितलं नव्हतंस. कीड पण लागली नव्हती. आजपर्यंत मी स्वतःला सांगत आले की मला वाटलं जुनं झालंय, घाईत बोलून गेले, कामाच्या धबडग्यात. तसं नाही. मला माहीत होतं. वहिनी सूप घेऊन फाटकातून बाहेर पडली तेव्हा मी बघत होते आणि मला बरं वाटलं. आत कुठेतरी एकदम मोकळं वाटलं. ती फाटकापाशी थांबून मागे वळली होती, म्हणजे मी अजूनही नाही म्हणू शकत होते.

तू मंगळवारी दुपारी आलीस. कपाटाकडे बघितलंस आणि चप्पल न घालताच देवळात गेलीस. तिथल्या माणसाने तुला राखेचं घमेलं दाखवलं म्हणे. "काकी, सुकलेलंच होतं सगळं, काडी लावली आणि भर्रकन जळून गेलं." परत आलीस, दारात उभी राहिलीस, आणि विचारलंस, "कोणी नेलं?" मी बोंबील साफ करत होते. मान वर केली नाही. वहिनीने एकदा माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता बोलेल. ती म्हणाली, "मी नेलं, आय. मला समजलं नाही."

बस. माझं नाव नाही, काही नाही. सहा महिन्यांची गरोदर होती ती. का नाही सांगितलं तिने, हे मी आजपर्यंत विचारलं नाही. विचारायचं तर आधी कबूल करायला लागतं ना.

दुसऱ्या दिवशी बुधवार. रांगेत तू पुढे, मी तुझ्या मागे. फादरांनी तुझ्या कपाळावर राखेचा क्रूस काढला, मग माझ्या. मी घरी येऊन तो लगेच धुतला. तू दुसऱ्या दिवसापर्यंत तसाच ठेवलास, झोपलीस पण तशीच.

मग तू परत पातं हातात धरलं नाहीस. वहिनीने आणून दिलेलं पाणी बाजूला ठेवून द्यायचीस आणि मला सांगायचीस, बाय, तू आण. एक शब्द वाकडा बोलली नाहीस तिला, पण सगळं गाव बघत होतं. मला काय वाटत होतं सांगू? आधी आधी बरं वाटलं. तू मला हाक मारत होतीस ना. त्याच वर्षी माझं लग्न झालं आणि मी माणिकपूरला निघून आले, तर तिकडे तुझं सगळं तिनेच केलं. शेवटच्या दुखण्यात तुझी अंघोळ, तुझी गादी, तुझ्या नखातला मळसुद्धा तिने काढला. मी रविवारी यायची फळं घेऊन, पाहुण्यासारखी. आणि तू माझा हात धरून म्हणालीस, "तू फटकळ आहेस बाय, पण खोटी नाहीस. तुझ्या तोंडात काही राहत नाही." वहिनी पायाशी बसून तुझी पावलं चोळत होती. तिने डोळे वर केले नाहीत. मी म्हटलं, संत्रं सोलू का?

ते तू का म्हणालीस? हे एवढंच मला पाहिजे आहे. खरंच तसं वाटत होतं म्हणून म्हणालीस, की माहीत होतं म्हणून? माहीत असेल तर तू मला तोंड उघडायला जागा करून देत होतीस आणि मी संत्रं सोललं. आणि माहीत असून तिच्या हातचं पाणी दोन वर्षं बाजूला ठेवत होतीस, तर मग थोडं तुझंही चुकलं, आय, सगळं माझ्या एकटीच्या डोक्यावर नाही. मी पापनिवेदनात सगळं सांगते, नवऱ्याशी भांडले, मिस्सा चुकवला, शेजारणीला बोलले. हे कधी सांगितलं नाही. म्हटलं, ते फादरांना काय समजणार, त्यांना काय माहीत मिरवणूक कशी होती.

हे पत्र कुठे टाकायचं ते माहीत नाही. तुझ्या कबरीवर ठेवायचा विचार आला होता. पण वहिनी दर शनिवारी तिथे मेणबत्ती लावायला जाते, तिच्याच हातात पडेल. खरं सांगायचं तर म्हणूनच विचार आला होता, तिने वाचावं आणि मला तोंडाने बोलायला लागू नये. आणि म्हणूनच ठेवत नाही, तेवढी पण हिंमत नाही माझ्यात. पिठाच्या डब्यामागे ठेवते.

पोरांचा विणायचा वर्ग बुधवारी संध्याकाळी सुरू होतो. शिकवणारीचं नाव फादरांना मंगळवारपर्यंत द्यायचं आहे. वहिनी जाणार नाही म्हणते. मी मंगळवारी संध्याकाळी देवळात उभी राहून सगळ्यांसमोर खरं बोलले तर ती जाईल, हे मला माहीत आहे. आणि मंगळवारी आपल्याला काय काम निघू शकेल ह्याचा विचार मी काल दिवसभर करत होते, हेही माहीत असू दे. म्हणून तू सांग. तुला माहीत होतं की नव्हतं, हो की नाही, एवढंच, लांबण लावू नकोस. मंगळवारी संध्याकाळची घंटा वाजायच्या आत सांग.