रोज घालायची अंगठी

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? (जिने चढू नकोस म्हटलं की तू मुद्दाम चढतेस, म्हणून काहीच म्हणत नाही.) त्या गुडघ्यापायी तुझा साखरपुडा हुकला, तेव्हा हकीकत कळवते. इकडे सगळे मजेत आहेत, फक्त आई माझ्याशी बोलत नाही.

कारण अंगठी. एकदा बोटात गेली की उतरवायची नाही, असं मी पक्कं ठरवलं होतं. आईची अंगठी कित्येक वर्षं कपाटात सुखरूप आहे. मला तसली सुखरूप अंगठी नको होती. पण मी पडले जनावरांची डॉक्टर. माझा हात दिवसभरात कुठे कुठे जातो ते लिहीत नाही, कारण तुला जेवताना पत्रं वाचायची सवय आहे.

तर सराफाकडे गेलो मी, आई, होणाऱ्या सासूबाई आणि आमचे प्लंबरसाहेब (म्हणजे तुझा होणारा जावई, कुणाचा तरी गळका नळ तसाच सोडून आला होता). सराफाने पहिलीच अंगठी अशी काढली, की तिचा खडा बोटावर गच्चीवरच्या टाकीसारखा उभा. दोघी विहिणी एका सुरात "अगं बाई, किती छान!" म्हणाल्या. मी ती बोटात घातली, पर्समधून दवाखान्यातला रबरी हातमोजा काढला आणि वरून चढवला. टर्रकन फाटला. दुसरी अंगठी, दुसरा मोजा, तेच. शेजारी बसलेलं जोडपं उठून निघून गेलं. सराफ म्हणाला, "ताई, अंगठी बघताय की ऑपरेशन करताय?" आईने कपाळावर हात मारला. सासूबाईंनी प्रेमाने समजावलं, की कामाच्या वेळी काढून ठेवायची गं, त्यात काय! अहो, कामाच्या वेळी काढायची तर घालायची कधी, झोपेत? जी काढून ठेवायची ती अंगठीच नव्हे, असं मी भर दुकानात ठणकावून सांगितलं. प्लंबर म्हणाला, "पटलं." (आत्या, माणूस मी उगाच नाही निवडला.)

शेवटी खडा सोन्यात पार आत बसवलेली, चपटी, गुळगुळीत अंगठी सापडली. तिच्यावरून मोजा सुरळीत गेला तेव्हा मी "चढला!" म्हणून एवढ्या जोरात ओरडले, की बाहेरचा रखवालदार धावत आत आला. आई येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणते, ही अंगठी आहे की वॉशर? म्हणू दे. मी माझंच खरं केलं, आणि साखरपुड्यापासून ती एकदाही उतरवलेली नाही.

तुझी हट्टी भाची

ता. क. त्याची अंगठीही मीच निवडली. त्यालाही चपटीच घेणार होते गं. पण उंच निळ्या खड्याची एक त्याच्या बोटात इतकी देखणी दिसली, की मी मोजे गुपचूप पर्समध्ये ठेवून दिले.

आणखी एक ता. क. पत्र यासाठीच लिहायला घेतलं होतं. तो ती कामावरसुद्धा काढत नाही. खडा पाइपांत अडकतो, म्हणून काल दिवसभर एका हाताने नळ बसवत होता. बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काढ म्हटलं तर माझंच वाक्य मला ऐकवतो. तुझं तो ऐकेल. त्याला सांग, कामाच्या वेळी काढून ठेवायची रे, त्यात काय! फक्त हे मी सांगायला लावलंय असं म्हणू नकोस, आणि आईला तर मुळीच कळू देऊ नकोस.